दिग्दर्शनातलं करिअर, कला आणि पैसा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्कशॉप झालं की, सेटवर चहाच्या वेळी, अगदी लग्नाच्या पंगतीत सुद्धा लोक मला हेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच सगळी उत्तरं लिहून ठेवतोय. मी मराठी सिनेमात काम करतो त्यामुळे उदाहरणं आणि हिशोब तिथलेच आहेत.

तुम्ही आर्ट फिल्मवाले की कमर्शियलवाले?

ही वाटणी मला मान्य नाही आणि आपल्या सिनेमाचा इतिहास बघितला तर ती टिकतही नाही. प्रभात फिल्म कंपनीचा 'संत तुकाराम' १९३६ चा, दामले-फत्तेलाल यांनी केलेला. तो मुंबईत वर्षाहून जास्त चालला आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या फेस्टिव्हलला पण वाखाणला गेला. मग तो आर्ट की कमर्शियल? व्ही. शांताराम १९३७ मध्ये 'कुंकू' करतात, म्हाताऱ्या नवऱ्याशी लग्न लावून दिलेली मुलगी ते लग्न मानायलाच नकार देते अशी गोष्ट, आणि तोच माणूस १९७२ मध्ये लावण्यांनी भरलेला 'पिंजरा' करतो. दोन्हीकडे माणूस तोच आणि दोन्हीकडे जीव तेवढाच ओतलेला.

माझं म्हणणं वेगळंच आहे. सिनेमा किती पैशात करायचा हा दिग्दर्शकाचा पहिला क्रिएटिव्ह निर्णय असतो, कॅमेरा कुठे लावायचा याच्याही आधीचा, आणि आपल्यातले बरेच जण तो निर्णय दुसऱ्यावर सोडून देतात, "ते निर्माते बघतील" म्हणतात, आणि मग सहा महिन्यांनी एडिटला बसल्यावर त्याच निर्मात्याशी प्रत्येक सीनसाठी भांडतात. भांडण तिथलं नसतंच. ते बजेटच्या कागदावर व्हायला हवं होतं. या पानावरची बाकीची बरीचशी उत्तरं याच मुद्द्याकडे येणार आहेत, आधीच सांगून ठेवतो.

दिग्दर्शक व्हायला फिल्म इन्स्टिट्यूटला जावंच लागतं का?

नाही, पण जायला मिळत असेल तर जा. पुण्यातली इन्स्टिट्यूट १९६० मध्ये प्रभात स्टुडिओच्याच जागेत सुरू झाली. तिथे काय मिळतं तर चुका करायला जागा, जगभरचा सिनेमा मोठ्या पडद्यावर बघायला वेळ आणि तुमच्याच वयाचे कॅमेरामन, एडिटर, साऊंडवाले, जे पुढची वीस वर्षं तुमच्या बरोबर राहू शकतात. यातलं शेवटचं सगळ्यात मोलाचं. जे गेले नाहीत त्यांनी ही टीम बाहेर जमवायची, एकांकिका स्पर्धांमधून, शॉर्ट फिल्ममधून, असिस्टंट म्हणून काम करताना. सुमित्रा भावे मुळात समाजशास्त्राच्या अभ्यासक, त्या संशोधनातून सिनेमाकडे आल्या. 'बाई' ही पहिली फिल्म १९८५ ची, आणि पुढे सुनील सुकथनकर यांच्यासोबत केलेल्या 'कासव'ला २०१७ मध्ये सुवर्णकमळ (सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार) मिळालं. त्यामुळे रस्ता एकच आहे असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

नोकरी सोडून पूर्णवेळ यात यावं का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि याचं उत्तर देताना मला भीती वाटते कारण समोरच्याच्या घरी काय परिस्थिती आहे ते मला माहीत नसतं. पण एक गोष्ट खात्रीने सांगतो, नोकरी असणं म्हणजे तुम्ही कलाकार म्हणून कमी आहात असं अजिबात नाही. 'सामना'चे दिग्दर्शक डॉ. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, दौंडला प्रॅक्टिस करायचे. त्याचे निर्माते रामदास फुटाणे शाळेत चित्रकला शिकवायचे. एक डॉक्टर आणि एक शिक्षक, आणि त्यांचा सिनेमा १९७५ मध्ये बर्लिनला जाऊन पोचला. घर चालवणारे पैसे दुसरीकडून येत असले की माणूस वाईट स्क्रिप्टला नाही म्हणू शकतो, आणि नाही म्हणता येणं ही या धंद्यात फार मोठी ताकद आहे.

सोडायचीच असेल तर हातात पूर्ण लिहिलेली स्क्रिप्ट असू द्या आणि एक दीड वर्ष घरखर्च निघेल एवढी सोय. नुसत्या कल्पनेवर नोकरी सोडू नका. घरच्यांशी हे आकड्यात बोला, "माझं स्वप्न आहे" एवढ्यावर नको, त्यांनाही निर्णय घ्यायचा असतो.

असिस्टंट म्हणून किती दिवस राहायचं?

दोन तीन सिनेमे. त्यात कॉलशीट (दिवसाच्या शूटिंगचं वेळापत्रक), कंटिन्युटी (एका शॉटमधलं दुसऱ्याशी जुळणं), आर्टिस्टच्या तारखा, ज्युनिअर आर्टिस्ट, सगळं कळतं. एक सिनेमा तरी शूटिंगपासून डीआय (रंगांचं शेवटचं काम) आणि साऊंड मिक्सपर्यंत पूर्ण करा, कारण बहुतेक असिस्टंट शूट संपलं की पुढच्या सेटवर जातात आणि सिनेमा खरा घडतो ते एडिट त्यांना दिसतच नाही. आणि पैसे ठरवूनच काम करा. "शिकायला मिळतंय ना" हे कारण पहिल्या प्रोजेक्टला ठीक आहे, नंतर नाही.

सिनेमाने "पाच कोटी कमावले" म्हणजे निर्मात्याला किती मिळाले?

हे प्रत्येक दिग्दर्शकाला पाठ असलं पाहिजे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

समजा तिकीट दोनशे रुपयांचं आहे. शंभर रुपयांच्या वरच्या तिकिटावर १८ टक्के जीएसटी असतो आणि तो तिकिटाच्या आतच धरलेला असतो, म्हणजे साधारण तीस रुपये पन्नास पैसे सरकारला गेले. उरले १६९. यातला थिएटरचा वाटा जातो. २००९ मध्ये हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यात दोन महिने मोठा संघर्ष झाला, नवे सिनेमे लागतच नव्हते, आणि त्यानंतर जो हिशोब ठरला त्यात पहिल्या आठवड्याला निर्मात्याच्या बाजूला ५० टक्के, दुसऱ्याला साडेबेचाळीस, तिसऱ्याला साडेसदतीस आणि पुढे तीस. साधारण याच पद्धतीने आपणही डोक्यात गणित धरू. म्हणजे पहिल्या आठवड्यात सुद्धा दोनशेतले आले पंच्याऐंशी. त्यातून वितरकाचं कमिशन, समजा दहा टक्के, गेलं की हातात ७६ रुपये. आणि अजून डिजिटल प्रोजेक्शनचा खर्च म्हणजे व्हीपीएफ धरलाच नाहीये.

आता सिनेमा तीन कोटीत झाला आणि पब्लिसिटीला पाऊण कोटी लागले तर नुसत्या थिएटरवर पैसे परत यायला जवळपास पाच लाख तिकिटं विकली गेली पाहिजेत, तीही सगळी पहिल्या आठवड्यात. तोच सिनेमा सगळं मिळून एक कोटीत झाला असेल तर एक लाख तीस हजार तिकिटं. हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून भिंतीवर लावा. माझ्या गोष्टीसाठी एक लाख माणूस घराबाहेर पडेल का, आणि पाच लाख पडतील का, हे दोन पूर्ण वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची प्रामाणिक उत्तरं दिग्दर्शकालाच माहीत असतात कारण गोष्ट त्याची आहे.

पेपरात येतो तो ग्रॉस आकडा, निर्मात्याकडे येतो तो शेअर. मुलाखतीत ग्रॉस सांगा हवं तर, पण पुढचा सिनेमा शेअर बघून प्लॅन करा.

कमी बजेट म्हणजे नक्की काय कमी करायचं? सिनेमा गरीब दिसत नाही का?

गरीब दिसतो तो चुकीच्या ठिकाणी कापल्यामुळे. साऊंड कापला, आर्ट डायरेक्शन कापलं, एडिटचे दिवस कापले की सिनेमा गरीब दिसतो. कापायचं असतं ते लिहितानाच. पैसा खातात त्या गोष्टी ठरलेल्या आहेत: शूटिंगचे दिवस, लोकेशन बदलणं, रात्रीचे बाहेरचे सीन (लाईट, जनरेटर, युनिटची रात्रीची शिफ्ट आणि दुसरा दिवस जवळपास वाया), गर्दी, जुना काळ, पाऊस आणि गाड्यांची हलवाहलव. बावीस लोकेशनची स्क्रिप्ट नऊ लोकेशनमध्ये बसते का हे बघायला बसलात की बऱ्याचदा स्क्रिप्टच सुधारते, कारण पात्रं एका जागी जास्त वेळ राहतात आणि त्यांना एकमेकांशी बोलावं लागतं. मी हे खूपदा होताना बघितलंय आणि दरवेळी बरं वाटतं.

स्क्रिप्ट झाली की फर्स्ट एडी (मुख्य सहायक दिग्दर्शक) आणि प्रोडक्शन मॅनेजरला घेऊन बसा आणि प्रत्येक सीनपुढे दोन गोष्टी लिहा, खर्च किती आणि हा सीन नसेल तर गोष्टीचं काय बिघडेल. महाग आणि काही न बिघडवणारा सीन शूटच्या आधी काढा. महाग पण ज्याच्याशिवाय गोष्ट उभीच राहणार नाही तो सीन हात न लावता ठेवा, त्याच्यासाठी बाकीच्या दहा ठिकाणी वाचवा. चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' आठवा, त्यात वकिलाचं काम केलेले विवेक गोम्बर हेच निर्माते, बहुतेक कलाकार व्यावसायिक नट नसलेले, स्टार कुणी नाही, आणि त्या सिनेमाने २०१४ ला व्हेनिसमध्ये दोन पुरस्कार घेतले आणि पुढे सुवर्णकमळ. त्या सिनेमातली फ्रेम कुठेही घाईत घेतलेली वाटत नाही. पैसा त्यांनी वेळ विकत घ्यायला वापरला असं मला तो बघताना सतत वाटतं.

निर्माता म्हणतो एक आयटम साँग टाका. काय करू?

आधी विचारा की का हवंय. खरंच विचारा, चिडून नको. बऱ्याचदा उत्तर येतं की गाण्याशिवाय चॅनलवाले प्रोमो चालवत नाहीत, किंवा म्युझिक कंपनी गाणी असतील तरच पैसे देईल, किंवा वितरकाने सांगितलंय. म्हणजे त्याची अडचण गाणं नसून लोकांना सिनेमा आहे हे कळणार कसं ही आहे, आणि ती अडचण खरी आहे, तिला उत्तर द्यावंच लागेल. मग बोलणं सुरू होतं. प्रोमोसाठी सिनेमाबाहेरचं गाणं होऊ शकतं, गोष्टीत आधीच एखादी वरात किंवा जत्रा असेल तर तिथे गाणं नैसर्गिक येऊ शकतं.

गाणं म्हणजे तडजोड असंही समजू नका. २०१६ च्या 'सैराट'मधली गाणी काढून तो सिनेमा डोळ्यापुढे आणून बघा. पहिल्या भागात ती गाणी त्या दोघांच्या प्रेमावर आपला विश्वास बसवतात, आणि म्हणून दुसऱ्या भागातली शांतता अंगावर येते. गाणं गोष्टीचं काम करत असेल तर निर्मात्याने न मागता टाका. काम करत नसेल तर कितीही मागितलं तरी नाही म्हणा, पण नाही म्हणताना दुसरा उपाय घेऊन जा.

आणि हे सगळं सही करायच्या आधी. ॲग्रीमेंटमध्ये फायनल कट (एडिटमधला शेवटचा शब्द) कुणाचा, गाणी किती, लांबी किती, हे लिहून घ्या. नव्या दिग्दर्शकाला फायनल कट सहसा मिळत नाही, पण "दिग्दर्शकाचा कट आधी दाखवला जाईल आणि बदल चर्चा करून होतील" एवढं तरी लिहून मिळतं, आणि तेवढं पुष्कळ असतं.

स्टार घेतला तर सिनेमा चालतो का?

स्टारमुळे पहिला शो भरतो, दुसऱ्या दिवसापासून सिनेमा स्वतःच्या जोरावर. 'सैराट'चे दोन्ही मुख्य कलाकार नवे होते आणि तो शंभर कोटींच्या पुढे गेलेला मराठी सिनेमा ठरला. पण त्यावरून स्टार नकोच असाही नियम करू नका, एक चांगला नावाजलेला नट स्वतःच्या तारखा आणि मानधन सांभाळून घेऊन नव्या दिग्दर्शकामागे उभा राहतो तेव्हा पैसे लावणारे पण गंभीरपणे ऐकतात. माझी कसोटी साधी आहे, स्टार नसता तर याच माणसाला ऑडिशनला बोलावून ही भूमिका दिली असती का? हो असेल तर घ्या.

जाहिराती, सीरियल, कॉर्पोरेट फिल्म केल्याने कला बिघडते का?

नाही. श्याम बेनेगल यांनी पहिला सिनेमा करायच्या आधी शेकड्यांनी जाहिराती केल्या, आणि १९७४ च्या 'अंकुर'ला पैसा लावला तो ब्लेझने, म्हणजे थिएटरमध्ये जाहिराती दाखवायच्या धंद्यातल्या कंपनीने. ओळख त्याच कामातून झालेली. आणि त्यांचाच १९७६ चा 'मंथन' तर गुजरातच्या दूध संघांमधल्या पाच लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन उभा केला. मला हे उदाहरण फार प्रिय आहे. ज्यांची गोष्ट तेच निर्माते आणि तेच प्रेक्षक, ट्रक भरभरून स्वतःचा सिनेमा बघायला गेलेले. कला आणि धंदा यात भांडण आहे असं कुणी म्हणालं की मी त्यांना हा किस्सा सांगतो.

सीरियलबद्दल एक इशारा मात्र आहे. डेली सोपमध्ये रोज वीस बावीस मिनिटांचं फुटेज काढायचं असतं, तिथे हात फार वेगवान होतो, आणि हा वेग पुढे सिनेमात उपयोगी पडतो. पण मास्टर (सगळा सीन दाखवणारा लांबचा शॉट), क्लोज, क्लोज, पुढे चला ही सवय डोळ्यात बसते आणि ती निघायला वेळ लागतो. वर्षभर करा, पैसे साठवा, मध्ये ब्रेक घ्या.

आधी फेस्टिव्हल की आधी थिएटर?

फेस्टिव्हलला जायचं असेल तर आधी फेस्टिव्हल, कारण कान, व्हेनिस, बर्लिनच्या स्पर्धेला प्रीमियरच्या अटी असतात आणि सिनेमा आधीच सगळीकडे दाखवून झाला असेल तर दार बंद होतं. यूट्यूबवर टाकणं तर लांबच, लिंक सुद्धा जपून पाठवा. फक्त एन्ट्री पाठवून वाट बघण्यात वर्ष जातं आणि कर्जाचं व्याज चालूच राहतं, म्हणून आधीच तारीख ठरवा की या महिन्यापर्यंत निवड झाली नाही तर आपण रिलीजच्या कामाला लागायचं.

पुरस्कार मिळाला म्हणजे प्रेक्षक येणारच असंही नसतं. पोस्टरवर फेस्टिव्हलच्या पारितोषिकांची पानांची चिन्हं लावली की काही लोक उलट घाबरतात, "जड असेल" म्हणतात. पोस्टरवर गोष्ट दिसू द्या, पानं कोपऱ्यात.

मराठी प्रेक्षक थिएटरला येतच नाही, मग करायचं कशाला?

येतो. त्याला शो सापडत नाही. सकाळी साडेनऊचा आणि दुपारी सव्वा बाराचा शो मिळाला तर नोकरी करणारा माणूस येणार कसा? २०१५ मध्ये प्राईम टाईमला मराठी सिनेमा दाखवायला लावण्यावरून केवढा वाद झाला आठवत असेल. नियम काहीही असो, प्रत्यक्षात शुक्रवार ते रविवार भरले नाही की सोमवारी शो कमी होतात, आणि तोंडी प्रसिद्धीने चालणाऱ्या सिनेमाला नेमका तोच दुसरा आठवडा लागतो. म्हणून शंभर स्क्रीनवर रिकाम्या खुर्च्या घेण्यापेक्षा तीस स्क्रीन, पण संध्याकाळचे शो, असं वितरकाशी बोला. ज्या जिल्ह्यातली गोष्ट आहे तिथून सुरुवात करा. रिलीजच्या आधी महिलामंडळं, कॉलेजं, वाचनालयं यांच्याकडे स्वतः जा. हे दिग्दर्शकाचं काम नाही असं वाटत असेल तर मला ते पटत नाही, दोन वर्षं ज्या गोष्टीसोबत राहिलात तिच्यासाठी अजून एक महिना फिरायला काय हरकत आहे.

अनुदान धरून बजेट करावं का?

नको. राज्य सरकारच्या योजनेत समिती सिनेमा बघून दर्जा ठरवते आणि त्यानुसार रक्कम मिळते, म्हणजे सिनेमा पूर्ण झाल्यानंतर. मिळालं तर कर्ज फेडायला वापरा, शूटिंगला ते येणार नाही.

ओटीटी आणि सॅटेलाईटचे (टीव्ही हक्कांचे) पैसे?

रिलीजच्या आधी विकले गेले तर उत्तम, पण ते गृहीत धरून सिनेमा सुरू करू नका, कारण प्लॅटफॉर्म आता बऱ्याचदा थिएटरमध्ये काय झालं ते बघून भाव ठरवतात. ॲग्रीमेंट वाचताना बघायचं ते हे की हक्क किती वर्षांसाठी, कुठल्या भाषांसाठी, रिमेकचे हक्क वेगळे ठेवलेत का, आणि पैसे एकरकमी की व्ह्यू वर. पर व्ह्यू असेल तर आकडे तुम्हाला दिसणार कसे हे लेखी घ्या. सर्टिफिकेटचाही इथे संबंध आहे, ए (फक्त प्रौढांसाठी) मिळालं तर तो सिनेमा तसाच टीव्हीवर दाखवता येत नाही, म्हणजे सॅटेलाईटचं गिऱ्हाईक गेलं. २०२४ पासून यूए (पालकांच्या देखरेखीखाली बघायचं सर्टिफिकेट) मध्येच ७+, १३+, १६+ असे भाग झालेत त्यामुळे थोडी जागा वाढलीय. तुमच्या गोष्टीला ए च हवं असेल तर ए घ्या, पण मग टीव्हीचे पैसे सुरुवातीपासूनच बजेटमधून वजा करा आणि निर्मात्याला तसं सांगा.

दिग्दर्शकाची फी कशी ठरते?

टप्प्यांत: सही, शूटिंग सुरू, शूटिंग संपलं, एडिट लॉक (एडिट पक्कं झालं), रिलीज. सगळ्यात जास्त बुडतो तो शेवटचा हप्ता, म्हणून शेवटचा छोटा ठेवा आणि एडिट लॉकपर्यंत ऐंशी टक्के तरी हातात येईल असं बघा. नफ्यात टक्का देतो म्हणाले तर "नफा" कशाला म्हणायचं हे एका वाक्यात लिहून घ्या. स्क्रिप्ट पण तुमची असेल तर लेखनाचे पैसे वेगळे, ॲग्रीमेंट वेगळं. फुकट लेखन देऊन दिग्दर्शन मिळवायची पद्धत आहे, ती मोडली पाहिजे.

सिनेमा पडला तर पुढचा मिळतो का?

मिळतो, दोन गोष्टींवर अवलंबून. एक, तुम्ही ठरलेल्या दिवसात आणि पैशात सिनेमा पूर्ण केला का. इंडस्ट्री छोटी आहे, प्रोडक्शन मॅनेजर एकमेकांशी बोलतात, आणि पडलेला पण वेळेत झालेला सिनेमा माफ होतो. दुसरं, युनिटचे पैसे दिले गेले का. ती जबाबदारी निर्मात्याची आहे पण स्पॉटदादा, लाईटमन, मेकअपदादा यांच्या लक्षात दिग्दर्शकाचाही चेहरा राहतो, त्यामुळे त्यांच्यासाठी पाठपुरावा करा, फोन उचला.

आणि पुढची स्क्रिप्ट रिलीजच्या आधीच लिहायला घ्या. रिलीजनंतर, पडला तरी आणि चालला तरी, काही महिने डोकं आपलं राहत नाही.

मी माझी स्क्रिप्ट तुम्हाला पाठवू का?

आधी नोंदवा, रायटर्स असोसिएशनकडे किंवा कॉपीराईट ऑफिसकडे, मग कुणालाही पाठवा. मला पाठवताना एका पानाची गोष्ट शेवटासकट लिहा (शेवट लपवू नका, मला तो कळल्याशिवाय काहीच सांगता येत नाही) आणि त्याच्याखाली लोकेशन किती, पात्रं किती, रात्रीचे सीन किती, हा सिनेमा बघायला कोण येईल असं तुम्हाला वाटतं, तेही लिहा. वेळ लागतो पण मी वाचतो.